चारशे शब्दांचा रतीब

आमच्या डेस्कवर ‘रतीब’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. कुणाच्या वर्षात दोन कादंबऱ्या आल्या, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात एकाच माणसाच्या सात कथा निघाल्या, की पुरवणीचे साहेब चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, “घातला यांनी रतीब.” म्हणजे दुधात पाणी आहे हे वेगळं सांगायची गरज नाही. मीही मान डोलवत असे. जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होते. रोजचं दिनविशेष, बाजारभाव, राशिभविष्याची जुळवाजुळव, आणि रविवारी मुलांच्या पानावर ‘मावशी’ या नावाने एक गोष्ट. सात वर्षं लिहिली. एकाही गोष्टीचं कात्रण ठेवलं नाही. रतीबच तो, जपायचं काय त्यात?

टेरी प्रॅचेट हा इंग्रज विनोदी कादंबरीकार मला भेटला तो फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात. मुखपृष्ठावर इतकी गर्दी की सुटायच्या बेतात असलेल्या एसटीचं दार आठवावं. पुस्तक होतं ‘मॉर्ट’. एक हडकुळं, वेंधळं पोरगं. गावच्या जत्रेत मालक लोक कामाला पोरं निवडायला येतात, तिथे त्याला कुणी घेत नाही. बाकीची सगळी पोरं निघून जातात. रात्रीचे बारा वाजता वाजता एक पांढरा घोडा येतो आणि त्यावरून उतरलेला साक्षात मृत्यू या पोराला उमेदवार म्हणून ठेवून घेतो. पुढे काय, तर दोघं शहरात जाऊन करी खातात. मृत्यूला करी आवडते. मांजरंही आवडतात. घोड्याचं नाव बिंकी.

मी रस्त्यातच वाचत उभी होते. मग आतलं पान उलटून याने अजून काय लिहिलंय ते पाहिलं. यादी संपेना. आणि अगदी सवयीने मनात आलं, रतीब!

त्याच्या जगाची रचना ऐकून मराठी माणसाला फारसा धक्का बसत नाही. अंतराळातून एक प्रचंड कासव पोहत चाललंय, त्याच्या पाठीवर चार हत्ती, आणि हत्तींच्या पाठीवर थाळीसारखं सपाट जग. डिस्कवर्ल्ड. आपल्याकडे आठ दिशांना आठ दिग्गज उभे आहेत, मंदार पर्वताखाली कूर्म आहे, पृथ्वी शेषाच्या डोक्यावर आहे आणि त्याने मान हलवली की भूकंप होतो. हे सगळं एकावर एक नीट रचून ठेवायची घाई आपण कधी केली नाही. कासवावर हत्ती आणि हत्तीवर पृथ्वी ही चळत ‘हिंदी लोकांची समजूत’ म्हणून युरोपात बरीच फिरली. सतराव्या शतकात जॉन लॉक या तत्त्वज्ञानेही ती वापरली: कासवाखाली काय, असं विचारल्यावर त्याचा हिंदी माणूस म्हणतो, काहीतरी आहे, काय ते ठाऊक नाही. प्रॅचेटने ती थट्टा उचलली आणि उलटी केली. त्याच्या जगात कासव खरोखरच आहे. त्यामुळे तिथल्या विद्वानांपुढचा प्रश्न वेगळा आहे. कासव नर की मादी? ते शोधायला एका राज्यातली मंडळी जगाच्या कडेवरून यान सोडायच्या तयारीत असतात.

आमच्या गावच्या महादेवाच्या मंडपात, नंदीच्या पुढ्यात, फरशीत कोरलेलं कासव आहे. हजारो हातांनी गुळगुळीत झालेलं. लहानपणी आजी म्हणे, कासवाला हात लाव मग आत जा. डिस्कवर्ल्डचं पहिलं पुस्तक, ‘द कलर ऑफ मॅजिक’, वाचल्यानंतर सुट्टीत गेले तेव्हा मी खाली वाकून त्याच्या पाठीवर हत्ती कोरलेत का ते पाहिलं होतं. नव्हते. गुरवाने विचारलं, “ताई, काही पडलं का?”

प्रॅचेटचा जन्म २८ एप्रिल १९४८ चा, इंग्लंडमधल्या बीकन्सफील्डचा. वडील मोटार मेकॅनिक, आई सेक्रेटरी, हा एकुलता एक. प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांनी सहाव्या वर्षीच ठरवलं की या पोराचं पुढे काही व्हायचं नाही. आईने वेगळा हिशेब केला: वाचलेल्या दर पानाला एक पेनी. चहाच्या पुड्यात, तोच आपल्याकडचा ब्रुक बाँड, अंतराळाची चित्रं असलेली कार्डं मिळत. ती गोळा करता करता खगोलशास्त्रज्ञ व्हायचं त्याने ठरवलं, पण गणित आडवं आलं. मग गावचं सार्वजनिक ग्रंथालय. तिथे तो शनिवारी फुकट काम करायचा आणि बदल्यात हवी तितकी पुस्तकं घरी न्यायचा. आपलं शिक्षण शाळेत झालं नाही, त्या ग्रंथालयात झालं, असं तो जन्मभर सांगत राहिला. पुढे त्याच्या कादंबऱ्यांत जादूच्या विद्यापीठाचा ग्रंथपाल एका अपघाताने ओरँगउटान होतो आणि परत माणूस व्हायला साफ नकार देतो, कारण शिडीविना वरच्या फळीपर्यंत हात पोचतो. ग्रंथालयात राबलेल्या माणसालाच हे सुचणार. या विनोदाचं त्याने देणंही फेडलं. बोर्निओच्या जंगलात गेला, ओरँगउटान वाचवणाऱ्या संस्थेचा विश्वस्त झाला.

शाळेच्या अंकासाठी तेराव्या वर्षी लिहिलेली कथा १९६३ मध्ये एका मासिकाने पैसे देऊन छापली. त्या पैशातून त्याने जुना टाइपरायटर घेतला. सतराव्या वर्षी, १९६५ मध्ये, शाळा सोडून ‘बक्स फ्री प्रेस’ या स्थानिक वृत्तपत्रात लागला. कामावर रुजू झाल्यापासून तीन तासांत आयुष्यातलं पहिलं प्रेत पाहिलं, असं तो सांगे. आणि इथे मी खुर्चीत सरळ होऊन बसले, कारण त्या पेपरात मुलांचं पान होतं आणि त्यावर दर आठवड्याला ‘अंकल जिम’ या नावाने गोष्ट लिहायचं काम याच्या गळ्यात पडलं होतं. ऐंशीच्या वर गोष्टी लिहिल्या त्याने तिथे. त्यातल्याच एका मालिकेची, गालिच्याच्या धाग्यांत राहणाऱ्या इवल्या लोकांची, पुढे पहिली कादंबरी झाली. ‘द कार्पेट पीपल’, १९७१. चित्रंही त्याचीच.

पेपरातल्या नोकरीने माणसाला एक गोष्ट पक्की कळते. पान सोडायची वेळ ठरलेली असते आणि तुम्हाला स्फुरलंय की नाही याची चौकशी कुणी करत नाही. जागा सोळा ओळींची असेल तर सोळाच ओळी.

पुढची नोकरी आणखी मजेची. १९७९ मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला आणि त्यानंतर लवकरच प्रॅचेट ब्रिटनच्या सरकारी वीज मंडळात प्रसिद्धी अधिकारी झाला. हाताखाली कोणता भाग, तर अणुवीज केंद्रांचा. मुहूर्त अचूक साधला, असं तोच म्हणे. काही झालेलं नाही, घाबरू नका, असं पत्रकारांना फोनवर सांगायचं, मग घरी यायचं, जेवायचं आणि रात्री लिहायला बसायचं. रोज चारशे शब्द. एका रात्री तीनशे शब्दांतच कादंबरी संपली. चारशेला शंभर कमी. तर याने नवा कागद घेतला आणि पुढच्या कादंबरीचे शंभर शब्द लिहून मग झोपायला गेला. त्याच्या मित्रांनी सांगितलेला हा किस्सा. मला तो इतका आवडतो की खोटा निघाला तरी मी सांगत राहीन.

डिस्कवर्ल्डचं पहिलं पुस्तक १९८३ मध्ये आलं तेव्हा पहिल्या आवृत्तीच्या प्रती पाचशेच्या आसपास होत्या. आपल्याकडच्या कवितासंग्रहाइतक्या. नोकरी सोडली ती १९८७ मध्ये. एकट्या १९९० या वर्षात त्याची पाच पुस्तकं बाहेर पडली. डिस्कवर्ल्डच्या एकूण कादंबऱ्या ४१. हॅरी पॉटरवाल्या रोलिंगबाई येईपर्यंत, नव्वदच्या दशकात, ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त खपणारा लेखक हाच होता. समीक्षक अर्थातच नाक मुरडत. १९९८ मध्ये साहित्यसेवेबद्दल ‘ओबीई’ हा सरकारी किताब मिळाला तेव्हा तो म्हणाला, साहित्याची सेवा म्हणजे बहुधा मी साहित्य लिहिण्याचा प्रयत्न केला नाही हीच. पुढे ‘सर’ ही पदवी मिळाली, तर नुसत्या बोलण्यावर थांबला नाही. सरदार झालो तर तलवार हवी म्हणून घराजवळच्या शेतातून लोखंडाचा दगड खणून काढला, भट्टी लावली, त्यात अशनीचे तुकडे टाकले आणि स्वतः राबून तलवार घडवून घेतली.

सगळीच पुस्तकं सारखी नाहीत. पहिली दोन नुसता दंगा आहेत, आणि शेवटची काही सैल झाली आहेत, त्याचं कारण पुढे येईल. पण मधल्या वीस वर्षांत तो अशा काही जागा लिहून गेला की अर्थशास्त्राच्या वर्गात वाचून दाखवाव्यात. ‘मेन अ‍ॅट आर्म्स’मधला व्हाइम्स हा शहराच्या पहाऱ्याचा कप्तान. महिन्याला ३८ डॉलर मिळतात. चांगले चामडी बूट ५० डॉलरचे, दहा वर्षं टिकणारे. स्वस्तातले १० डॉलरचे, एखाद-दोन पावसाळ्यांत पुठ्ठ्यासारखे फाटणारे. म्हणजे ज्याच्याकडे ५० डॉलर एकदम नाहीत तो दहा वर्षांत बुटांवर १०० डॉलर घालवतो आणि तरी त्याचे पाय ओलेच राहतात. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये महागाईचे सरकारी आकडे गरिबांच्या पिशवीतली महागाई दाखवत नाहीत अशी ओरड झाली, तेव्हा स्वस्तातल्या स्वयंपाकावर लिहिणाऱ्या जॅक मन्रो यांनी गरिबांच्या वाणसामानाचा वेगळा निर्देशांक काढायचं जाहीर केलं आणि त्याला याच व्हाइम्सच्या बुटांचं नाव दिलं. प्रॅचेटच्या वारसांनी आनंदाने परवानगी दिली. रबरी चपलेचा अंगठा दर पावसाळ्यात तारेने बांधणाऱ्या कुणालाही हे पान समजावून सांगावं लागणार नाही.

पण माझा जीव त्याच्या मृत्यूवर. मृत्यू हे त्याचं सर्वांत चांगलं पात्र, जवळजवळ प्रत्येक कादंबरीत येणारं. क्रूर नाही, दयाळूही नाही. नेमून दिलेलं काम नीट करणारा माणूस, फक्त हाडांचा सापळा असलेला. ‘रीपर मॅन’मध्ये त्याला नोकरीवरून काढून टाकतात. मग तो नाव बदलून एका म्हाताऱ्या बाईच्या शेतावर मजुरीला राहतो. लांब दांड्याच्या विळ्याने कापणी करायला त्याच्याइतका हात बसलेला कोण असणार! बाई पाहते तर हा गडी एका वेळी एकच काडी कापतोय. एक काडी, मग दुसरी काडी. आणि तरी इतरांपेक्षा वेगाने. एकेक का, असं ती विचारते. त्याला दुसरी रीतच माहीत नसते. प्रत्येक काडीकडे स्वतंत्र लक्ष द्यायचं, ही त्याची कामाची पद्धत. मी ते वाचलं तेव्हा मला वीज मंडळातून घरी येऊन चारशे शब्द मोजणारा माणूस दिसला. रतीब घालणाऱ्या गवळ्याचं माप रोज तेच असतं. पाणी घालायचं की नाही हा पुढचा प्रश्न, आणि आमच्या साहेबांनी दूध चाखून कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी पावसाळ्यात मी या मृत्यूला मराठीत आणायचा खटाटोप केला. छापायला नाही, असंच. पहिल्याच वाक्याला अडले. प्रॅचेटचा मृत्यू इंग्रजीत सगळं मोठ्या लिपीतल्या अक्षरांत बोलतो, अवतरणचिन्हाशिवाय, म्हणजे आवाज कानाला न लागता थेट डोक्यात उतरतो. देवनागरीत मोठी लिपी नाही. ठसा जाड करून पाहिला, तर तो निविदा सूचना वाचून दाखवतोय असं वाटायला लागलं. मग म्हटलं, शिरोरेषाच काढून टाकू. वरची रेघ गेली की अक्षरं हाडांसारखी सुटी पडतील. पडली. पण मृत्यू गुजराती बोलतोय असं वाटायला लागलं.

लिंगाच्या बाबतीत मात्र आपण सुटलो. पोलिश, रशियन, फ्रेंच या भाषांत मृत्यूचा शब्दच स्त्रीलिंगी, त्यामुळे तिथल्या अनुवादकांची तारांबळ. आपल्याकडे तो मृत्यू, ते मरण, आणि सर्वांत देखणा तो काळ. काळ म्हणजे वेळही आणि मृत्यूही. प्रॅचेटच्या मृत्यूच्या घरी जिवंत असलेल्या प्रत्येकाच्या नावाचं वाळूचं घड्याळ आहे. वाळू संपली की हा निघतो. रिन्सविंड नावाचा पळपुटा जादूगार आहे, त्याच्या घड्याळाचा आकारच असा वेडावाकडा की वाळू कधी संपेल ते खुद्द मृत्यूला कळत नाही. बिचारा पुन्हा पुन्हा येतो, थांबतो, हात हलवत परत जातो. यावर इंग्रजीत त्याने पानंच्या पानं लिहिली. मराठीत म्हणायचं, काळ आला होता पण वेळ आली नव्हती, आणि पुढच्या प्रसंगाकडे वळायचं.

खरा पेच पुढे होता. मृत्यू माणसाशी अरेतुरे बोलेल की अहोजाहो? इंग्रजीला ती चिंताच नाही. ‘तू’ म्हटलं की यमदूत होतो, ‘तुम्ही’ म्हटलं की विमा एजंट. दोन रात्री घालवल्यावर ‘आपण’वर आले. राजा असो की भिकारी, तो सगळ्यांना ‘आपण’च म्हणतो. तेव्हा कुठे त्याचा आवाज ऐकू यायला लागला, आणि साध्या टाइपातच.

डिसेंबर २००७ मध्ये प्रॅचेटने जाहीर केलं की त्याला अल्झायमर आहे. दुर्मीळ प्रकारचा, मेंदूच्या मागच्या भागाला धरणारा. डोळे चांगले, पण डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूला जुळवता येत नाही. समोरची वस्तू दिसत नाही, टाइप करताना कळ सापडत नाही. स्मरण आणि शब्द मात्र बराच काळ शाबूत. सहानुभूतीच्या पत्रांचा पाऊस पडला. काही महिन्यांत त्याने संशोधनासाठी दहा लाख डॉलर दिले आणि रोगावर इतका कमी पैसा का खर्च होतो म्हणून जाहीर भांडायला लागला. बीबीसीवर माहितीपट केले. २०१० चं रिचर्ड डिम्बलबी व्याख्यान त्याला मिळालं. विषय, आपल्या मरणाची वेळ ठरवायचा माणसाचा हक्क. प्रस्तावनेपुरता तो बोलला. पुढचं भाषण वाचणं त्याला शक्य नव्हतं, ते त्याच्या वतीने टोनी रॉबिन्सन या नटाने वाचलं आणि तो शेजारी बसून ऐकत राहिला.

लिहिणं थांबलं नाही. बोटं गेली तर तोंडाने. सहायक रॉब विल्किन्सला सांगायचं, नाहीतर बोललेलं टिपणाऱ्या संगणकाला. निदानानंतर सात वर्षांत त्याची कितीतरी पुस्तकं आली. ती सैल आहेत म्हणाले ते हे. बोलून लिहिलेलं वाक्य लांबत जातं, मागे जाऊन खरडून काढता येत नाही. ‘द शेफर्ड्स क्राउन’ ही शेवटची. तीत आजीबाई वेदरवॅक्स ही त्याची जुनी चेटकीण मरते, पुस्तकाच्या सुरुवातीलाच. मरण येणार हे तिला आधीच कळतं. तर ती घर झाडते, सगळं घासूनपुसून लख्ख करते, स्वतःसाठी टोपली विणते आणि आडवी होते. हे वाचताना मला माझी आजी आठवली, पण ते इथे नको.

१२ मार्च २०१५ ला, विल्टशरमधल्या ब्रॉड चॉक या गावी, घरीच, तो गेला. वय ६६. मांजर पलंगावर झोपलेलं होतं. थोड्या वेळाने त्याच्या ट्विटर खात्यावर तीन ओळी आल्या. पहिली मोठ्या लिपीत, म्हणजे मृत्यूच्या तोंडची: अखेर, सर टेरी, आता बरोबर चालायचंय. दुसरीत टेरी त्याचा हात धरून दारातून पलीकडच्या काळ्या वाळवंटात जातो. तिसरी, समाप्त.

ती पहिली ओळ मी मराठीत लिहायला घेतली. “सर टेरी, आपण आता निघू या.” लिहून झाल्यावर पाहिलं तर माझा अडलेला शब्द तिथे दोन्ही कामं करत होता. ‘आपण’ म्हणजे आदराने तुम्ही, आणि ‘आपण’ म्हणजे तुम्ही-मी दोघं. इंग्रजी मजकुरात हे नाही. मी उगाच त्याला फोन करून सांगावंसं वाटण्याइतकी खूश झाले.

२०२३ मध्ये त्याच्या वीस कथांचा एक नवा संग्रह आला. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ‘वेस्टर्न डेली प्रेस’साठी टोपणनावाने लिहिलेल्या, तो स्वतःही विसरून गेलेल्या. टोपणनावातलं आडनाव आईच्या माहेरचं. एका कथेचं कात्रण सापडलं होतं, त्यावर तारीख नव्हती. ती शोधायला दोन चाहते ब्रिटिश लायब्ररीत जुन्या अंकांच्या फायली चाळत बसले आणि बाकीच्या कथा त्यांच्या हाती लागल्या. हे वाचल्यावर मी आमच्या जुन्या कचेरीत फोन केला. माझ्या वर्षांच्या फायलींचं काय झालं, असं विचारलं. इमारत बदलली तेव्हा रद्दीत गेल्या, असं पलीकडचा मुलगा म्हणाला. “काही महत्त्वाचं होतं का मॅडम?”

नव्हतं. पण प्रॅचेटच्या संगणकात अर्धवट राहिलेल्या कादंबऱ्या होत्या. दहाच्या आसपास, असं तेव्हा छापून आलं. आपल्या पश्चात त्या कुणी वाचू नयेत, पूर्ण तर अजिबात करू नयेत, सगळं यंत्र रस्त्याच्या मधोमध ठेवून त्यावरून रोलर फिरवावा, असं तो सांगून गेला होता. २५ ऑगस्ट २०१७ ला, डॉर्सेटच्या वाफेच्या इंजिनांच्या जत्रेत, विल्किन्सने ती हार्ड डिस्क जमिनीवर ठेवली. ‘लॉर्ड जेरिको’ नावाचा साडेसहा टनी जुना रोलर तिच्यावरून गेला. पुन्हा गेला. डिस्क काही नीट मोडेना. शेवटी काँक्रीट फोडायच्या यंत्रात घातली तेव्हा काम झालं. तिचे अवशेष सॉल्झबरीच्या संग्रहालयात काचेआड ठेवले होते, त्याचा फोटो मी पाहिला आहे. वाकलेला पत्रा आणि चुरा.

शब्द पाळला, बरोबरच केलं. विल्किन्सच्या जागी मी असते तर डिस्क रोलरखाली ठेवली असती, पण आदल्या रात्री एकदा उघडून पाहिली असती.